केशरबाईचा अंगठा

"खावं तर खावं असं, चुलीला कळू नये;
गिळावं असं बाई, गळ्याला हलू नये."

हा आवाज केशरबाईच्या सासूचा. म्हातारी जाऊन जमाना झाला. तिच्या नावाचं पान पितरपाटात आता कावळासुद्धा उपकार केल्यासारखा शिवतो. आवाज मात्र चुलीमागच्या भिंतीत मुक्कामाला होता. नवी नवरी केशर या घरात पहिल्यांदा जेवायला बसली तेव्हा घास उतरताना तिच्या घशातून 'घट्' असा बारका आवाज आला होता. सासूनं परातीतला हात न थांबवता, वर न बघता, सुरात हे दोन चरण म्हणून दाखवले. शिवी हासडली असती तर विसरता आली असती. गाण्यात घातलेला अपमान विसरता येत नाही, तो तोंडपाठ होतो.

केशरबाई त्यातून एकच शिकली. जगात दोन जातीची माणसं. एक हिणवणारी, दुसरी हिणवून घेणारी. मधली जागा देवानं ठेवलेली नाही. तिनं आपली जागा निवडली आणि त्या जागेवर ती पाटलिणीसारखी मांडी घालून बसली.

मिरजगावच्या बाजाराला येणारी आसपासची सारी गावं तिला ओळखत. कुणाचा घसा धरला, कुणाला ढास लागली, घोट उतरेना, की माणूस केशरबाईच्या ओट्यावर. ती पडजीभ उचलायची. चुलीतली चाळून घेतलेली राख, चिमूटभर मीठ, आणि उजव्या हाताचा अंगठा. "आ कर," म्हणायची. अंगठा आत, पडजिभेवर दाब, दुसऱ्या हातानं टाळूवरच्या केसांची बट धरून वर हिसका. माणसाच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "हं. बसली जागंवर. थुक." घसे तसेही चार दिवसांत आपले आपण बरे होतात. पण श्रेय राखेतल्या अंगठ्याचं.

पैसा ती घेत नसे. पैशाहून मोठं घेई. माणसाला तिच्यापुढं तोंड वासून बसावं लागे. सरपंच बसला, त्याचं तोंड म्हणजे पानाच्या पिंकेनं माखलेलं घुशीचं बीळ. शाळेचे हेडमास्तर बसले, त्यांच्या दाढा पोखरलेल्या. गावाला सुविचार सांगणाऱ्या तोंडाला मेल्या उंदराचा वास. किसान सोसायटीचा चेअरमन तर अंगठा आत जायच्या आधीच ओकला. "उघड्या तोंडाला हुद्दा नसतो," केशरबाई म्हणायची, आणि ओट्याच्या कडेवर अंगठा पुसायची. जणू माणूसच पुसून टाकला.

आणि या केशरबाईच्या स्वतःच्या घशातून भाकरीचा घास उतरत नव्हता.

आजचं नाही हे. आदिनाथ अंगावर पीत होता तेव्हापासूनचं. गळ्याच्या घाटीखाली कुणीतरी आतून पडदा ओढून घेतल्यासारखं झालं होतं. पाणी जाई, ताक जाई, पातळ पिठलं जाई. भाकरी दारातच थांबे, मागं फिरे, डोळे पांढरे करी. तिनं आरशासमोर बसून स्वतःच्या पडजिभेवर अंगठा चालवून पाहिला. उलटीशिवाय काही हाती आलं नाही. मग तिनं तो प्रकार कायमचा झाकला. सगळ्यांची जेवणं झाली की ती बसायची. भाकरी चुरून, ताकात भिजवून, बोटांनी पिठासारखी कालवून, पाठमोरी. बायका म्हणायच्या, केशरबाईला खाण्याची हाव म्हणून नाही, साधूचा आत्मा. ती म्हणू द्यायची. अडाण्यांनी फुकट दिलेला मोठेपणा कोण परत करतं?

चढ चढताना धाप लागायची. ती थांबायची आणि कमरेवर हात ठेवून रान न्याहाळायची, जणू सातबारा तपासतेय. लोकांना वाटे, काय रुबाब आहे. एक गोष्ट मात्र तिची तिलाही कळत नव्हती. भाकरीला अडवणारा हा घसा चुलीच्या आतल्या कडेची भाजकी माती बिनबोभाट उतरवून घ्यायचा. ती नखानं खरवडायची, जिभेवर ठेवायची, आणि पहिल्या पावसाचा वास घशाखाली उतरायचा. याची तिला लाज वाटे. त्या लाजेपायी ती जगाला आणखी थोडं हिणवायची.

नवरा आसाराम. त्याच्याविषयी काय सांगावं? बैलाच्या तोंडात घास किती आणि कसा जातो हे त्याला चार पिढ्यांपर्यंत सांगता येई. बायको काय खाते हे त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. केशरबाईच्या लेखी तो दावणीचाच एक, फक्त याला शेपूट नव्हतं.

आदिनाथचं लग्न झालं आणि जामखेडकडची सत्यशीला सून होऊन आली. अंगानं भरलेली, बोलायला मोकळी. पण दोन वर्षांत दोनदा तिचं पोट पडलं. अंगावरून खूप गेलं. गुलाबी होती ती फिकट झाली, फिकट होती ती पिवळी झाली, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या. आणि एके दिवशी घास गिळताना तिनं पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखी मान वर केली.

केशरबाईनं एका नजरेत ओळखलं. तिला कणव यायला हवी होती. आला तिटकारा. आपण एवढी वर्षं सात पदरांखाली झाकून ठेवलं, ते ही भवानी भर चौकात मांडून बसली! झाकायची सुद्धा अक्कल नाही.

"काय गं, मान का उडवती?"

"घास अडकतोय आत्याबाई. हितं." तिनं घाटीखाली बोट ठेवलं. अगदी त्याच जागी.

"हितं म्हंजी? घशाला काय फाटक बसवलंय व्हय रेल्वेचं?"

"तसंच वाटतंय बघा."

"म्हायेरी भात खाऊन लाडावलीस. भाकरीला दात लागत्यात, दम लागतो."

तरी तिनं सुनेला ओट्यावर बसवलं. राख, मीठ, अंगठा, हिसका. काही नाही. आठवडाभरानं पुन्हा. काही नाही. शेजारची भागिरथी कुंपणावरून बघतच होती. तिच्या डोळ्यांना दुसरा रोजगार नव्हता.

"केशरबाई, गावाच्या पडजिभा उचलती तू. घरातलीच कशी गं खाली ऱ्हायली?"

"पडजीभ जागंवर हाय तिची," केशरबाई म्हणाली. "पडलंय ते मन. म्हायेराच्या दिशेनं."

ओट्याभोवती जमलेल्या सगळ्या बाया हसल्या. सत्यशीलाही थोडी हसली. हसायला गिळावं लागत नाही.

त्या दिवसापासून घरात ठरून गेलं की हे नाटक आहे. आदिनाथकडं लिंबं वाहायचा टेम्पो होता. आठवड्यातून दोन-तीनदा तो नगरच्या मार्केटला जायचा. एकदा त्यानं भीत भीत विषय काढला, "आई, नगरला दाखवू का हिला?"

"दाखव की. लिंबं तरी किती दिस वाहशील? आता नाटकं वाहा. भाडं बरं मिळंल."

आदिनाथ मान खाली घालून टेम्पो पुसायला गेला. बापावर गेलेला, केशरबाईला वाटलं. आणि तिला तेही आवडलं नाही.

मग भागिरथीच्या नातवाचं जावळ आलं. ओढ्याकाठी म्हसोबाच्या कडुलिंबाखाली बोकड पडला, पंगती उठल्या. आधी पाव्हणे, मग गावकरी, मग पोरं, शेवटी बाया. बायांपर्यंत येता येता पातेल्यात उरतं ते तिखट पाणी आणि वातड तुकडे, ज्यांच्याशी पुरुषांचे दात आधीच भांडून हरलेले असतात. सत्यशीला भुकेली होती. त्यात सगळ्यांच्या नजरा. हळू खाल्लं की नाटक, मान वर केली की नाटक. तिनं तुकडा न चावता झटक्यात गिळला.

तो गेला नाही. मागंही आला नाही.

ती उठून उभी राहिली. श्वास चालू होता, बोलता येत होतं, पण तोंडातली लाळसुद्धा खाली उतरत नव्हती. पदरानं पुसावी तर पुन्हा पाझरे. बाया भोवती जमल्या. प्रत्येकीच्या तोंडात एक उपाय, कारण तुकडा त्यांच्या घशात नव्हता. पाठीत बुक्क्या घाला. केळं द्या. गोडेतेल पाजा.

"सरका!" केशरबाई आली. तिथल्याच चुलवणातली राख अंगठ्याला लावली. "आ कर."

अंगठा आत गेला, एकदा, दोनदा. "आता कोरड्या भाकरीचा मोठा घास गिळ. ढकलून नेईल खाली."

"न्हाई जात वो आत्याबाई..."

"गिळ म्हन्ते ना! भाकरी हाय ती, दगुड न्हाई!"

भाकरी त्या तुकड्यावर जाऊन बसली, वरून पाजलेलं पाणी नाकातून बाहेर आलं, आणि तिसऱ्यांदा अंगठा बाहेर आला तेव्हा त्याच्या राखेत लाल रेघ होती.

"आई, हात काढ."

आदिनाथ होता. हा आवाज त्यानं आतापर्यंत फक्त टायर पंक्चर झाल्यावर वापरला होता. केशरबाईचा हात आपोआप खाली आला. त्यानं बायकोला उचलून टेम्पोत पुढं बसवलं. आसाराम एका बाजूला उभा राहून दात कोरत होता.

"मी बी येते," म्हणत केशरबाई मागच्या हौद्यात चढली. "हिला काय झालंय ते मला ठावं हाय."

"काय झालंय?" आदिनाथनं वळून विचारलं.

केशरबाईचं तोंड उघडलं. तिथंच सांगून टाकलं असतं. पण लिंबाखाली सगळा गाव उभा होता, आणि भागिरथी तर पुढच्याच रांगेत.

"नाटक," ती म्हणाली.

रिकाम्या क्रेटांमध्ये बसून ती नगरपर्यंत गेली. वाटेत दुष्काळी माळ, पिवळी कुसळं, उसाच्या बैलगाड्या. सगळ्यांकडं ती एकसारख्याच तुच्छतेनं पाहत राहिली. कुठंतरी बघायला हवं होतं.

कान-नाक-घशाच्या दवाखान्यात गायकवाड नावाची डॉक्टरीण होती. ठेंगणी, केस आखूड, हातात बांगडी नाही, पायात पुरुषी बूट. ही काय गिळणार आणि काय गिळवणार, असं केशरबाईनं मनात म्हणून घेतलं. तोवर डॉक्टरणीनं सत्यशीलाला आत नेलं होतं. भूल देऊन, दुर्बीण घालून तिनं तुकडा बाहेर काढला. वाटीत ठेवून दाखवला तेव्हा तो चिंचोक्याएवढाच होता. एवढ्याशा तुकड्यानं एवढा गाव हलवला, केशरबाईला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीण खाटेपाशी आली. "घशात बोट कोणी घातलं होतं? पडजिभेला ओरखडे आहेत, टाळू सोललीय. कुठली अडाणी बाई आहे ही?"

आदिनाथ खिडकीबाहेर बघू लागला. केशरबाईनं मान ताठ ठेवली. खाटेवरून घोगरा, फाटका आवाज आला, "मीच घातलं. उलटी व्हावी म्हनून."

खोटं बोलायला बरा लगेच घसा मोकळा झाला, केशरबाईच्या मनात आलं. सुनेनं आपल्याला वाचवलं हे तिला झोंबलं. कुणी आपल्यावर दया करावी, आणि तीही या पिवळ्या पोरीनं!

डॉक्टरणीनं सत्यशीलाचा हात हातात घेतला. "नखं पाहिलीत? खोलगट झालीत, चमच्यासारखी. वर थेंब ठेवला तर ओघळणार नाही. हिच्या अंगात रक्त निम्मंसुद्धा नाही. रक्तातलं लोह असं वर्षानुवर्षं कमी पडत गेलं, की काही बायकांच्या अन्ननळीच्या तोंडाशी पातळ पडदा धरतो. दुधावरच्या सायीसारखा. पातळ जातं, घट्ट अडकतं. दुर्बीण आत गेली तेव्हा तो पडदा फाटला, ते चांगलंच झालं. पण रक्त भरलं नाही तर पुन्हा धरेल."

केशरबाईनं आपला उजवा हात पदराखाली घेतला.

"माती खाता?" डॉक्टरणीनं सत्यशीलाला सहज विचारलं, चहा घेता का विचारावं तसं. "खडू, कोळसा, चुलीची माती?"

सत्यशीलानं मान खाली घातली.

"लाजू नका. रक्त कमी झालं की जीभ माती मागते. तुमचा दोष नाही त्यात."

केशरबाईला कुणीतरी भर बाजारात पदर ओढल्यासारखं झालं. जे पाप म्हणून तिनं एवढी वर्षं एकटीनं सांभाळलं, ते या बुटवालीनं दोन वाक्यांत आजार करून टाकलं. पाप निदान स्वतःचं तरी असतं.

"घरात सगळ्यांच्या शेवटी कोण जेवतं?"

"ही," आदिनाथ म्हणाला. जरा थांबून, "आन आई."

डॉक्टरणीचे डोळे केशरबाईकडं वळले. ओठांच्या कोपऱ्यावर थांबले, डोळ्यांखालच्या पांढऱ्या कडेवर थांबले. "आजी, तुम्हाला आहे असा काही त्रास? नीट आठवून सांगा. हा पडदा फार वर्षं तसाच राहिला तर काहींना त्याच जागी कॅन्सर होतो. सगळ्यांना नाही, पण होतो. लवकर पाहिलं तर सोपं असतं."

"मला?" केशरबाई हसली. तिचं ते ओट्यावरचं हसू, माणूस पुसून टाकणारं. "आमच्या घरान्यात न्हाई असलं कुनाला. हे जामखेडकडनं आलंय."

डॉक्टरणीनं आणखी विचारलं नाही. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर नाही, कित्येक महिने घ्यायची, बरं वाटलं तरी सोडायची नाही. पालेभाजी, डाळ, जमेल तेव्हा अंडं-मटण, बारीक चावून. आणि निघताना आदिनाथला म्हणाली, "गोळीइतकीच एक गोष्ट महत्त्वाची. हिनं इथून पुढं उरलंसुरलं खायचं नाही. सगळ्यांबरोबर बसायचं, गरम खायचं."

आदिनाथ हा सांगकाम्या. लिंबं उतरवायला सांगितली तर क्रेटही मोजून उतरवणारा. त्यानं 'सगळ्यांबरोबर' हा शब्द जसाच्या तसा घरी आणला आणि पडवीत चार ताटं गोलाकार मांडली.

"बायामानसं एका पंगतीत?" आसाराम ताटाभोवती कुत्र्यासारखा एक फेरी मारून बसला. "लगीन हाय का काय कुनाचं?"

"डाक्टरनं सांगितलंय," आदिनाथ म्हणाला.

केशरबाई चुलीपाशीच उभी. "तुमचं चालू द्या. मला आज उपास हाय."

"कशाचा?"

"तुमच्या शानपनाचा."

दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखलं. तिसऱ्या दिवशी तिला भागिरथीकडं काम निघालं. मग तिनं वेगळाच पवित्रा घेतला. असल्या नव्या थेरांवर आपण थुंकतो, आपण जुन्या वळणाच्या, असं जाहीर करून पाठमोरी बसून ताकाचा काला खात राहिली. पण कान? कान पाठमोरे करता येत नाहीत. पडवीतून सत्यशीलाच्या जेवण्याचा आवाज यायचा. भाकरीचा कडक पापुद्रा मोडल्याचा, ठेच्यानं 'स्स' केल्याचा, कांदा दाताखाली आल्याचा. मधे न थांबता. केशरबाईला वाटायचं, बाईमाणसानं खाताना इतका आवाज करावा? शरम नाही. आणि घोटभर ताक घशात घेऊन ती त्या आवाजाकडं कान देऊन बसायची, जसं कुणी लांबून येणारं भजन ऐकतं.

सत्यशीलाच्या ओठांच्या चिरा भरल्या. गालांवर पहिल्यांदा लाली आली. इकडं केशरबाईचा काला दिवसेंदिवस पातळ होत चालला. आधी भाकरीचा चुरा ताकात असायचा, आता ताकात नावाला चुरा. तेवढाही कधी कधी पडद्याशी अडे. दवाखान्यातला तो शब्द तिच्या मानेत येऊन राहिला होता. ओट्यावर माणूस तोंड उघडून बसलेला असताना मध्येच तिचा हात स्वतःच्या गळ्याकडं जाई, काही गाठ लागते का बघायला. माणूस आ वासून वाट बघत राही.

एका सकाळी सत्यशीला चूल सारवायला बसली. शेणाचा बोळा हातात, बोलणं चुलीशी.

"आत्याबाई, ही डाव्या अंगाची कड खरवडलेली, ती माझी. मान्य. ह्या उजव्या अंगाची कुनाची?"

"उंदरानं खाल्ली आसंल."

"नखाच्या रेघा हायेत."

"उंदराला नखं नसत्यात व्हय?"

"आसत्यात की." सत्यशीलानं मातीचा हात सफाईनं फिरवला. "त्या उंदराला बी नगरला न्यावं म्हन्ते. लिंबाच्या क्रेटात बसून आरामात जाईल."

"जीभ लई चालाया लागली गं तुझी. गोळ्या घशासाठी दिल्यात का जिभंसाठी?"

"दोन्ही एकाच रस्त्यावर हायेत, आत्याबाई."

केशरबाई ताडकन उठून बाहेर गेली. ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या एकेकाला तिनं त्या दिवशी असं काही हिणवलं की कुत्रीसुद्धा पलीकडच्या अंगानं गेली. पण मनात एकच घोळत होतं. पोरीला ठाऊक आहे. किती दिवसांपासून? जावळाच्या दिवशी? दवाखान्यात खोटं बोलली तेव्हा? आणि ठाऊक असून गप्प राहिली. म्हणजे झाकण्याची अक्कल आपल्यापेक्षा तिलाच जास्त.

पुढच्या रविवारी मार्केट बंद, आदिनाथ घरी. दुपारच्याला चार ताटं मांडली गेली. ज्वारीच्या गरम भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, हिरवा कांदा. केशरबाई नेहमीप्रमाणं कोपऱ्याकडं वळली आणि ताकाचं भगुलं उचलायला वाकली. जागा रिकामी होती.

"ताक कुठंय?"

"भागिरथीमावशीला दिलं," सत्यशीला म्हणाली. "तिच्याकडं पाव्हनं आलेत."

"सगळं?"

"सगळं."

"पिठलं टाक मग पातळ."

"पीठ सरलंय."

केशरबाईनं सुनेकडं पाहिलं. सून ताटात बघत नव्हती, थेट तिच्याकडं बघत होती. डोळ्यांत हिणवणं नव्हतं. केशरबाईला दुसरी कुठली नजर वाचायची सवयच नव्हती, त्यामुळं तिला कळेना की हिला हवंय तरी काय.

"बसा आत्याबाई. मी हाय समोर. टेम्पो दारात हाय."

"टेम्पोचा काय संबंध?" आसाराम म्हणाला.

पळून जाणं केशरबाईच्या रक्तात नव्हतं. ती ताटावर येऊन बसली. भाकरीचा लहानसा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, तोंडात टाकला. चावला. चावत राहिली. पडवीत हळूहळू बाकीचे तीन जबडे थांबले. आसारामनं कांदा फोडायला उगारलेली मूठ तशीच राहिली. जन्मात पहिल्यांदा तो बायकोला जेवताना बघत होता, आणि त्याला काय बघतोय ते समजत नव्हतं.

"अगं गिळ की," तो म्हणाला.

तिनं गिळायचा प्रयत्न केला. मानेच्या शिरा वर आल्या. डोळ्यांत पाणी भरलं. घास पडद्यापर्यंत गेला, थांबला, परत आला. तिनं तळहात पुढं केला आणि तो बाहेर काढला. करडा, गुळगुळीत, सुपारीएवढा गोळा. ताटाच्या कडेला ठेवला.

तेवढ्यात दारात भागिरथी. रिकामं भगुलं हातात, डोळे ताटावर.

"आगं बया! काय झालं गं केशरबाई?"

अजून वेळ होती. दात दुखतोय म्हणता आलं असतं. ठेच्यात खडा आला म्हणता आलं असतं. आदिनाथनं "आई?" म्हटलं, आणि त्या एका हाकेत तो पुन्हा अंगावर पिणारा झाला.

"ये भागिरथे, आत ये," केशरबाई म्हणाली. "बस हितं. तुला गावभर सांगाया लागतं, मग नीट ऐकून घे. उगं पदरचं घालू नको."

भागिरथी उंबऱ्यातच टेकली.

"मला भाकरी जात न्हाई. ह्यो आदिनाथ अंगावर पीत हुता, तवापास्नं न्हाई. गावाच्या पडजिभा उचलल्या, आन माझ्याच घशाला माझा अंगठा कंदी लागू पडला न्हाई. हिला झालं तवा पहिल्याच घासाला वळखलं मी. वळखून नाटक म्हनलं. त्या डाक्टरनीनं अडाणी बाई म्हनलं ना, ती मी. हिच्या टाळूतनं रगत काढलं ते मी. सांग जा समद्यास्नी."

आसारामची मूठ हळूच खाली आली. केशरबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग आदिनाथकडं. सत्यशीलाकडं मात्र तिला बघवेना. तिच्याशी बोलताना ती ताटाकडंच बघत राहिली.

"आता ताक बी अडकाया लागलंय गं," ती म्हणाली. "मला लई भ्या वाटतंय."